माझ्या धमन्यांची दुरुस्ती

अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या आमच्या छोट्या कंपनीत तेव्हा एक यंत्र बनत होतं. माणसाला हात न लावता त्याच्या धमन्या किती कडक झाल्या आहेत, हे ते सांगणार होतं. लेझरचा एक बारीक किरण मानेवर, दुसरा मांडीच्या वरच्या भागावर. ठोका पडला की दोन्हीकडची त्वचा किंचित हलते. डोळ्यांना दिसत नाही, लेझरला कळतं. ठोक्यासरशी धमनीतून जाणारी ती लाट मानेपाशी आणि मांडीपाशी किती अंतराने पोचली, यावरून तिचा वेग काढायचा. धमनी जितकी कडक तितकी लाट वेगवान, आणि हृदयाला धोकाही तितका जास्त.

बाहेरच्या लोकांवर यंत्र वापरायची परवानगी यायची होती. तोवर खुर्चीत मी बसायचो आणि स्क्रीनसमोर माझी नागपूरची सहकारी. मी चाळिशीचा, सडपातळ, रोज पळणारा, त्यामुळे निरोगी माणूस म्हणून मलाच धरलं होतं.

माझं रीडिंग मात्र दर वेळी साठीतल्या माणसाचं यायचं.

"परत तेच, यार," ती म्हणायची. "हललास का?"

"श्वास घेतला फक्त."

आम्ही लेन्स बदलली, खुर्ची बदलली. शेवटी दोन सेन्सरच्या वेळा जुळत नसाव्यात असा तर्क करून तिने कोडमध्ये मानेच्या वेळेतून थोडी वजाबाकी घातली. रीडिंग माझ्या वयाला शोभेल असं आलं. त्या दिवशी टीमने बाहेर जेवायला जाऊन तो बग सुटल्याचं साजरं केलं.

परवानगी आल्यावर पहिले आले ते मराठी मंडळातले एक निवृत्त इंजिनीअर काका. सत्तरीचे, बायपास झालेले. त्यांच्या धमन्या यंत्राने पंचेचाळिशीच्या ठरवल्या.

"घरी जाऊन हिला सांगतो," काका खूश होऊन म्हणाले, "उगाच पथ्य करायला लावतेस म्हणून!"

आम्ही दोघं हसलो नाही. त्यांच्यानंतर आलेली माणसंही वयापेक्षा तरुणच निघत गेली. मग पट्टा बांधून मोजायचं जुन्या पद्धतीचं यंत्र भाड्याने आणलं आणि सगळ्यांना पुन्हा बोलावलं. वजाबाकी काढून टाकली की दोन्ही यंत्रांचे आकडे जुळत होते. काकांना मी स्वतः सांगितलं, पथ्य चालू ठेवा. ते जरा हिरमुसले.

सगळे गेल्यावर सहकारी पट्टा हातात घेऊन उभी राहिली. "आता तू बस."

पट्ट्यानेही साठीच सांगितली. "मशीन पहिल्यापासून बरोबर होतं रे," ती म्हणाली. मग म्हणाली, "डॉक्टरकडे जा."

भीती वाटली असं म्हणता येणार नाही. दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट चुकून आपल्या हातात आला आहे, असं काहीसं वाटत राहिलं. घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरत होती. "म्हणजे इतके दिवस तू मशीनला दोष देत होतास?"

"तर्क बरोबर वाटत होता."

"उद्याच अपॉइंटमेंट घे."

डॉक्टरांनी चोवीस तास दंडावर बांधायचं रक्तदाबाचं मीटर दिलं. क्लिनिकमध्ये नॉर्मल येणारं माझं ब्लडप्रेशर एरवी, विशेषतः झोपेत, चांगलंच चढत होतं. घरात कुणाला हृदयाचा त्रास होता का, त्यांनी विचारलं. वडील पन्नाशीत गेले होते. आमच्याकडे ते 'अचानक गेले' एवढंच म्हणतात. कशाने, हे कधी कुणी तपासलं नव्हतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि एक गोळी सुरू केली.

खुर्चीत आता दुसरा एक जण बसू लागला. मी स्क्रीनकडे आलो.

पुण्याला मोठ्या भावाला फोन करून सगळं सांगितलं. "मला काही होत नाही," तो म्हणाला. "मलाही काही होत नव्हतं दादा," मी म्हणालो. त्याने विषय बदलला, पण पुढच्या आठवड्यात वहिनीने त्याला तपासणीला नेलंच. आता आम्ही दोघं एकच गोळी घेतो. तिकडे तिचं नाव वेगळं आहे आणि ती बरीच स्वस्त मिळते, असं तो दर फोनला सांगतो.