वाटीत राहिलेले चार नट

आधीच सांगून ठेवते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातले देव, ताईत, गंडेदोरे सगळे बाहेर गेले. अंगात येणं, झपाटणं असलं कोणी काही बोललं की वडील म्हणायचे, "बराबर आहे, घेऊन या त्या भुताला, चहा पाजू." अशा घरात मी वाढले आणि पुढं जालन्यात आयुष्यभर पोरींना विज्ञान शिकवलं. तर हे लिहिताना मला कसं वाटत असेल, तुम्हीच बघा. पण इथं ग्रुपवर रोज सगळ्यांचे अनुभव वाचते, आणि गप्प बसवत नाही... लिहून टाकते एकदाचं.

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. जून महिना, रविवार, भर दुपार. अंधार, अमावस्या वगैरे काही नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, तीर्थपुरीच्या पुढं आमच्या गावात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. हात चांगला होता, पण अर्धं काम करून चहाला जायची खोड. पुढचं चाक बसवलं, मागचं तसंच उघडं, आणि स्वारी हॉटेलात! गिऱ्हाईक बसलंय बोंबलत. त्याची एक खूण होती. हातातून गेलेल्या प्रत्येक सायकलच्या पुढच्या चाकाला, मधल्या हबभोवती, तो जुन्या ट्यूबची पट्टी सैलसर बांधायचा. दोन गाठी, टोकं तिरपी कापलेली. चाक फिरलं की ती पट्टी आपोआप हब पुसत राहायची. पंचक्रोशीत कुठंही तशी पट्टी दिसली की समजायचं, ही दादानं केलेली.

तो जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. छातीत कळ आली आणि संपलं. दुकान मीच आवरलं. पाने, नट, छर्‍यांचे डबे, सगळं भंगारात घातलं. मागं वैनी आणि दोन पोरी. प्रज्ञा दहावीत, करुणा आठवीत. वैनी मजुरीला जायची, आणि बाकी सगळं... शाळा, दवाखाना, रेशन कार्ड, दाखले... माझ्याकडं. त्यात मी एक जुनी छोटी गाडी घेतलेली. गाडी काय घेतली, अख्ख्या खानदानाची हमाल झाले! कोणाची गव्हाची पोती, कोणाची बाळंतीण, कोणाचा बिघडलेला कूलर. "तुझ्याकडं गाडी आहे ना?" हे वाक्य ऐकलं तरी पाठ दुखायची. तीन वर्षांत एक रविवार धड झोपले नव्हते.

त्या जूनमध्ये गावची शाळेच्या वेळची एसटी बंद झाली. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची तीर्थपुरीला, सात किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता कच्चा. वैनीनं फोनवर स्पष्ट सांगून टाकलं —

"ताई, सोमवारी शाळा उघडून राह्यली. पोरी आपल्या आपल्या गेल्या अन् आल्या, तर शिकू द्या. न्हाई तर प्रज्ञाला स्थळ आलंय, मी पाहुण्यांना या म्हणते. मी दिवसभर रानात, एकटी बाई किती ध्यान ठेवू?"

संताप झाला माझा. सोळा वर्षांची पोर! पण तिचं तरी काय चुकत होतं? रोज सोडायला कोण जाणार होतं?

साधी सायकल त्या रस्त्यावर चालत नाही. काळी माती मडगार्डात जाऊन बसते आणि चाक जाम. मडगार्ड नसलेली, जाड टायरची, डोंगरावर चालवायची गिअरवाली सायकलच पाहिजे. नेमक्या आमच्या शाळेतल्या जोशीबाईंकडं तसल्या दोन पडून होत्या. मुलं शिकायला पुण्याला गेलेली. "घेऊन जा हो, धूळ खातायत," म्हणाल्या.

आता दोन दांडगट सायकली, आणि माझी गाडी खेळण्याएवढी. एसटीच्या टपावर टाकाव्या तर गिअर वाकतात. मग मी आणि जोशीबाईंनी भर उन्हात दीड तास झटापट केली. मागचं सीट पाडलं. दोन्ही सायकलींची पुढची चाकं काढली, बैठका खाली केल्या, हँडलं वळवली. एक सायकल आडवी घातली, गिअर वरच्या बाजूला. तिच्यावर जुनी वाकळ, वाकळेवर दुसरी सायकल उलट तोंडानं. काढलेली दोन चाकं सगळ्यात वर. चाकांचे चार नट हरवू नयेत म्हणून जोशीबाईंनी आतून स्टीलची वाटी आणली, त्यात मी ते मोजून ठेवले. डिक्की दोघींनी ढुंगणानं दाबून लावली आणि कुलूप केलं. मग ओट्यावर बसून पोहे खाल्ले, चहा घेतला. बाईंनी भांडी गोळा करून आत नेली... आणि त्या भांड्यांत ती वाटीही गेली! इतकं जपून ठेवलं ते ह्याच्यासाठी.

मी निघाले, अंबड गेलं. तोवर डिक्कीतली ती दोन सुटी चाकं एकमेकांवर आपटून आपटून माझं डोकं उठलं होतं. खण्ण, खण्ण, खण्ण... खड्डा आला की दोनदा. पुढं गाडी तापली. एका बाभळीखाली उभी केली, बॉनेट उघडलं आणि समोरच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. गाडी वीसेक पावलांवर, नजरेसमोर. चावी माझ्या मुठीत.

आणि तिथं आठवलं — नट!

पर्स उलटी केली. पिशवी झटकली. मोबाईलला रेंज नाही. हे नट साध्या दुकानात मिळत नाहीत, ते जोशीबाईंनी मला सकाळीच सांगितलेलं. मागं फिरावं तर गाडी परत तापणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझी शाळा. पुढं जाऊन करायचं काय, तर पोरींना बिनचाकाच्या सायकली दाखवायच्या?

मला रडू कोसळलं. रस्त्यावर, भर दुपारी, पन्नाशीला आलेली बाई हुंदके देऊन रडत होती. आणि मी मोठ्यानं बोलले. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते. मी म्हणाले, "दादा, मला होत न्हाई रे आता! तुझं घर, तुझ्या पोरी, तुझं सगळं मीच ओढून राह्यले, अन् तू गेला निघून. निदान एक तरी काम करून टाक ना!"

एक शेळी तेवढी माझ्याकडं बघत होती. स्वतःचीच लाज वाटली. तोंड पुसलं, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि निघाले. घरी जाऊन बघू म्हटलं, विचार करायचंही त्राण नव्हतं.

त्यानंतर चाकं वाजली नाहीत. मला वाटलं, बसली असतील नीट कुठंतरी. तेवढीच शांतता, बरं वाटलं.

दारात पोरी वाट बघत होत्या. वैनी पदराला हात पुसत बाहेर आली. "आल्या का मंग?" मी डिक्की उघडली. वर एकच चाक होतं. दुसरं दिसेना. ते चाक काढलं, वरची सायकल ओढून बाहेर घेतली, वाकळ उचलली...

खालच्या सायकलला पुढचं चाक बसवलेलं होतं. घट्ट, सरळ, दोन्हीकडं नट आवळलेले.

प्रज्ञा म्हणाली, "आत्या, हे एवढं आत घातलं कसं?"

"मी न्हाई घातलं."

"मंग कोणी?"

चाक पुढच्या सीटच्या पाठीला असं चेपून बसलेलं की सायकल जागची हलेना. शेवटी गाडीतला पाना घेतला, तेच नट परत खोलले, चाक काढलं, तेव्हा कुठं ती बाहेर आली. नट काळे पडलेले, कोपरे झिजलेले. जोशीबाईंकडचे चकचकीत होते. आणि हबभोवती ट्यूबची पट्टी. सैल. टोकं तिरपी.

वैनीनं ती बोटानं फिरवली. गाठी मोजल्या. एक, दोन.

"ताई, ही तुमी आणली का?"

"न्हाई वो वैनी, शप्पथ न्हाई."

ती दुसऱ्या सायकलकडं बघून म्हणाली, "एकच केलं. दुसरं तसंच ठेवून गेले बघा." ती हसली का रडली, मला कळलं नाही. मी मात्र उंबऱ्यावर बसून पुन्हा रडले.

विज्ञानाची बाई आहे, म्हणून नंतर पडताळून पाहिलं. चाक लावलेली सायकल परत गाडीत घालायचा प्रयत्न केला, शेजारचे दोघं मदतीला घेतले. आडवी, तिरकी, उलटी. वीतभर बाहेरच राहते. म्हणजे ते चाक बसवलं असेल तर आतच, कुलूपबंद गाडीत, वाकळेखाली, वर दुसरी सायकल असताना.

संध्याकाळी परत निघाले. डांबरी रस्त्याला लागल्यावर रेंज आली आणि जोशीबाईंचा फोन.

"अहो, तुमचे नट राहिले की वाटीत!"

"किती आहेत?"

"किती म्हणजे? चारही आहेत."

सोमवारी प्रज्ञा त्या एका सायकलवर, करुणाला पुढं दांडीवर बसवून शाळेत गेली. संध्याकाळी दोघी चिखलानं भरून, पण हसत घरी आल्या. वैनीनं पाहुण्यांना निरोप धाडला — येऊ नका, पोरगी शिकतेय. दुसरीचे नट मी बुधवारी एसटीनं पाठवले. प्रज्ञा आज सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती पट्टी तिच्याकडंच आहे.

मी सगळे हिशेब लावून पाहिले. जोशीबाईंनी बसवलं असेल? मी डोळ्यांनी दोन चाकं वर ठेवलेली. वाटेत कोणी उघडलं? गाडी समोर होती. थकून मला भास झाला म्हणावं, तर नट चार माणसांनी हातात घेतले. आता हिशेब लावणं सोडून दिलंय.

एवढंच मनात येतं. मी "एक तरी काम" म्हणाले होते, आणि त्यानं मोजून एकच केलं. अजूनही कधी फार दमले, पाठ टेकायलाही फुरसत मिळाली नाही, की वाटतं... तेव्हा दोन सांगायला पाहिजे होती.