तांड्यातली अकरा कुलपं

दिग्रसच्या स्टँडवर लाल बसमधून उतरले तेव्हा जानेवारीचं स्वच्छ ऊन पडलं होतं. जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना जागोजागी चिकटला होता. एरवी मी फोटो काढले असते. पण सांगली जिल्ह्यातून पुण्याला जाऊन नागरी धोरण शिकणारी मी, शहरं कशी चालवावीत यावर तासभर बोलेन. अनोळखी दार वाजवायचं म्हटलं की मी रस्ता बदलते. आणि पुढचे तीन दिवस मला फक्त दारंच वाजवायची होती.

शहर वाढत वाढत एका तांड्यापर्यंत (बंजारा समाजाच्या वस्तीपर्यंत) आलं होतं. तिथे घरोघरी नळ द्यायचा प्रस्ताव होता आणि घरांची यादी करायचं काम आमच्या विभागाकडे आलं होतं. यादी नीट झाली, तर एका नियोजन कार्यालयात सहा महिन्यांची उमेदवारी आणि तिथून पुढे नोकरी. मी बीएड करावं असं बाबांना वाटत होतं. त्यांच्याशी महिनाभर अबोला धरून मी हा अभ्यासक्रम घेतला होता, त्यामुळे हात हलवत परत जायची सोय नव्हती.

"एकट्याच आल्या का मॅडम?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं. मी हो म्हटलं. "तांड्यात कुत्रे हायेत. भेऊ नका. पन पळू नका."

त्याने हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पहिल्याच बोळात तीन कुत्री आली आणि मी फॉर्मची फाइल छातीशी धरून भिंतीला चिकटले. ती हुंगून निघून गेली, पण माझी भीती काही गेली नाही. त्यानंतर जिथे माणूस दिसलं तिथे मी थांबले, आणि जिथे कुलूप दिसलं तिथे लांबूनच खूण केली. फॉर्मवर दोनच रकाने होते, 'वापरात' आणि 'बंद'. अशी अकरा घरं 'बंद' झाली. त्यांची अंगणं ताजी सारवलेली होती, हे मी पाहिलं होतं. विचारलं मात्र कुणालाच नाही.

दुपारी एक वाजताच फोनवरून यादी पाठवली. आमच्या विभागातल्या मॅडमचं लगेच उत्तर आलं, 'फारच झटपट. छान.' तेवढ्यापुरती मी खूश झाले.

एका म्हातारीने हाक मारून जेवायला बसवलं. धारीबाई तिचं नाव, पण अख्खा तांडा तिला याडी (आई) म्हणतो. ज्वारीची गरम बाटी (भाकरी), सोल्याची भाजी (ओल्या तुरीच्या दाण्यांची) आणि ठेचा. जेवताना समोरच्या खुंटीवर किल्ल्यांचा जुडगा दिसला. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली.

"एवढ्या किल्ल्या कुणाच्या?"

"सगळ्याईच्या. जाताना माह्याजवळ ठेवून जातेत. सकाळी मी त्याईचे आंगन सारवतो. घर सुनं नाही दिसलं पायजे."

"गेलेत कुठे?"

"ऊस तोडाले. तिकडं सांगलीकडं. होळीले येतीन."

माझा घास तोंडातच राहिला. सांगलीकडे म्हणजे माझ्या घरी. आमच्या मळ्याच्या बांधावर दर हिवाळ्यात उसाच्या पाचटाच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. मागच्या सत्रात आमच्या गावच्या पाण्यावर मी निबंध लिहिला, त्यात त्या कोप्या धरल्या नव्हत्या. ती माणसं इथली नाहीत, असं मी लिहिलं होतं. आणि आज इथे येऊन, ती इथेही नाहीत असं लिहून मोकळी झाले होते.

तांड्याचे नायक (प्रमुख), हरिदासकाका, दारात येऊन बसले होते. मी घाबरत घाबरत काय केलं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणून आणखीच भीती वाटली.

"बंद काहून लिवलं पोरी? कुलूप हाय. घर बंद नाही," ते म्हणाले. "आज नळ नाही भेटनार. उद्या म्हनतीन, इथं कोनी राह्यतच नाही, जागा रिकामी हाय. मंग मानसं कुठं येतीन होळीले?"

मी मॅडमना फोन लावला. यादी पुढे गेली होती. दुरुस्ती करायची तर आठवड्याच्या आत प्रत्येक घरमालकाची सही हवी, आणि अकरा दारी मी कुणालाही विचारलं नव्हतं हे माझ्या हाताने लिहून द्यायला हवं. "ते पत्र उमेदवारीच्या फाइलला लागेल," त्या शांतपणे म्हणाल्या. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं, हा विचार मनात आला होता हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी याडीने एकेक कुलूप उघडलं. गुंडाळलेली अंथरुणं, पालथी घातलेली भांडी, एका घरात दप्तर. प्रत्येक उंबऱ्यावर ती माझ्याकडे वळून बघायची. मी नाव लिहायचे आणि नायकांनी दिलेल्या नंबरावर फोन लावायचे. पलीकडे कोयत्यांचा आवाज. तांड्यातून बोलतेय म्हटलं की पलीकडून आधी प्रश्नच यायचा.

"काय झालं? याडी बरी हाय ना?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "घर पडलं का आमचं?" नको ती बातमी देणारी बाई म्हणून मी दिवसभर ओळखले गेले.

परतीच्या प्रवासात मी पुण्याला न उतरता थेट गावी गेले. सहा कुटुंबं आमच्याच तालुक्यात निघाली. उसाच्या फडाफडात फिरून त्यांच्या सह्या-अंगठे घेतले. चौघांनी सही केलेल्या कागदाचे फोटो पाठवले. अकरावा, सोनू, याडीच्या शेजारचा. त्याची टोळी कर्नाटकात पुढे गेली होती आणि फोन बंद. मुदत संपली. दहा घरं 'वापरात' झाली, एक राहिलं.

पत्र मी दिलं. मॅडमनी ते वाचून फाइलला लावलं, आणि तरीही उमेदवारी मिळाली. "काम झटपट करतेस. पुढे चांगली अधिकारी होशील," त्या म्हणाल्या. बाबांनी पेढे वाटले. तेव्हापासून मला दारांची नाही, माझ्या त्या झटपट हाताची भीती वाटते. असे रकाने मला आता रोज भरायचे आहेत, आणि प्रत्येक गावात कुत्री असणार.

पेढ्यांच्या दिवशीच नायकांच्या फोनवरून याडी बोलली. सोनूचं नाव लागलं का, एवढंच तिने विचारलं. मी नाही म्हटलं.

"मंग मीच राहीन त्याच्या घरात," ती म्हणाली. "कोनी पाहाले आलं तं दार उघडं दिसन."

"आणि याडी, तुमचं घर?"

"त्याले कुलूप लावीन."