खंडेनवमीला चाललेला प्रेस

लहानपणी पुण्यात मी भावाची चावीची मोटार भिंतीवर आपटून फोडली, तेव्हा आई वैतागून म्हणाली होती, "हिला मोडायचीच नोकरी लावा." देवाने ऐकलं असणार. सिंगापुरात एका जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या चाचणी विभागात मी सहा वर्षं वस्तू मोडत होते. कॅमेरे छातीएवढ्या उंचीवरून फरशीवर आपटायचे, बॅटरीत खिळा घुसवून ती पेटते का बघायचं, टीव्हीच्या पडद्यावर पोलादी गोळा सोडायचा. काच फुटली की मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

माझ्या हाताखाली साठी ओलांडलेला एक चिनी तंत्रज्ञ होता. सगळे त्याला अंकल म्हणत, मीही म्हणे. कंपनी श्रवणयंत्रं करत सुरू झाली, मग ट्रान्झिस्टर आले, मग कॅसेट रेकॉर्डर, मग कॅमेरे. हा सगळा इतिहास रिसेप्शनमधल्या कुलूपबंद काचेच्या कपाटात मांडलेला होता. त्यातले बरेच नमुने अंकलच्या हाताखालून गेलेले. कोवळ्या वयात तो इथल्या कारखान्यात लागला. त्याची बायको तिथेच रेकॉर्डर जुळवायच्या लाइनवर शेवटच्या टेबलाशी बसायची. प्रत्येक रेकॉर्डरमध्ये कॅसेट घालून ती माइकसमोर एक ते दहा आकडे म्हणायची, ऐकून बघायची आणि रेकॉर्डर पुढे ढकलायची. लाइनवरचा पहिला लाल रेकॉर्डर आतल्या कॅसेटसकट कपाटात गेला होता. मी तिथे असतानाच एका वर्षी त्याची बायको कॅन्सरने गेली. घरात तिचे फोटो होते, आवाज मात्र कुठेच नव्हता.

त्याच वर्षी कंपनीने ऑडिओचा धंदा विकला. जपानहून नमुन्यांची यादी आली. एकही नमुना बाहेर जाता कामा नये, प्रत्येक नमुना हायड्रॉलिक प्रेसखाली चिरडा, नंबरचा फोटो काढा, सही करा. मुदत नवमीच्या दिवशी संपत होती. माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे तिथे राहून नोकरी करायच्या परवान्याचं, नूतनीकरणही त्याच महिन्यात होतं आणि साहेबाचं लक्ष त्या यादीवर होतं.

आता यात खंडेनवमी कुठून आली, तर ती मीच आणली होती. दरवर्षी त्या दिवशी मी प्रेसला हळदकुंकू लावून झेंडू वाहायची. हत्यारं पूजेला बसली की त्यांना काम सांगायचं नसतं, हे पहिल्याच वर्षी मी अंकलला समजावलं होतं. पुढे लिटिल इंडियातून झेंडूचा हार तोच आणायचा. त्याही सकाळी आणला. खिशात रेकॉर्डरची कॅसेट फिरवणारा एक नवा रबरी पट्टा होता. आज प्रेस बंद, तेवढ्यात पट्टा बदलून एकदा आवाज ऐकू, एवढाच त्याचा हिशेब होता.

तो आला तेव्हा माझे सात नमुने चिरडून झाले होते. प्रेससमोर प्रकाशाचा पडदा असतो; हात आत गेला की मशीन थांबतं. फोटो काढताना दरवेळी मशीन अडत होतं, म्हणून मी तो पडदा बंद करून ठेवला होता. आठवा नमुना लाल रेकॉर्डर.

"मॅडम, टुडे मशीन रेस्ट, यू टोल्ड मी," तो म्हणाला.

"ते घरी, अंकल. इथे नाही."

"हाफ अवर कॅन लाह. माय वाइफ इनसाइड."

मी यादी दाखवली. त्याने रेकॉर्डर उचलला, मी हिसकावला. त्याने मला ढकललं, माझं तोंड लोखंडी रॅकवर आपटलं आणि ओठ फुटून रक्त आलं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या म्हाताऱ्याच्या फाडकन मुस्काटात मारली. त्याचा चष्मा उडाला. मी रेकॉर्डर प्रेसखाली ठेवला आणि दोन्ही बटणं दाबून धरली; ती धरलेली असतील तोवरच प्रेस खाली येतो. त्याचा हात आत जाताना मला दिसला. बटणं सोडायला अर्धा क्षण पुरला असता. मी सोडली नाहीत.

प्लॅस्टिक आणि हाडं एकाच वेळी मोडली. तो गुडघ्यांवर बसला आणि प्रेस वर जाताच दुसऱ्या हाताने त्या रक्तात माखलेल्या चुऱ्यातून कॅसेटची फीत ओढायला लागला. बोटबोटभर तुकडे निघत होते.

त्याची दोन बोटं गेली. संध्याकाळी रिपोर्ट लिहिताना मी यादी पुन्हा वाचली. नंबर फक्त रेकॉर्डरचा होता. कॅसेट यादीत कुठेच नव्हती. झाकण उघडून ती त्याच्या हातात द्यायला कुणाचीही हरकत नव्हती.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना त्याने सांगितलं, "पडदा मीच बंद केला, पडलो, चष्माही तेव्हाच फुटला." त्याचा जबाब माझ्यासमोर आला. साक्षीदार म्हणून मी खाली सही केली. मी त्या वेळी इतकी घाबरले होते की लाजही वाटली नाही. ती नंतर आली, आणि मग गेलीच नाही.

पास दोन वर्षांसाठी वाढला, त्या आठवड्यात मी पासिर रिसला त्याच्या फ्लॅटवर गेले. त्याने जाळीचं दार उघडलं नाही. बँडेजचा हात छातीशी धरून आतच उभा राहिला. मी विचारलं, "खोटं का सांगितलंत, अंकल?"

तो त्याच्या तुटक इंग्रजीत, अगदी शांतपणे म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला इंडियाला पाठवलं असतं. तिकडे तुम्ही विसरला असता. इथेच राहा, मॅडम. रोज कामावर जा आणि ते मशीन चालवा."