भिंतीतली पेन्सिलची खिडकी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या वैशालीजवळ तर नाहीच नाही — तिला सांगितलं तर चहा निवायच्या आत अर्ध्या सांगलीला कळेल. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा ओळख व्हावी तर खरी व्हावी, असं वाटलं म्हणूनही असेल.

आधी एक सांगून टाकते, माझं उत्तम चाललंय. विश्रामबागेत छोटं ऑफिस आहे, कॉम्प्युटरवर घरांचे प्लॅन काढते, कामाला तोटा नाही. नवरा शांत स्वभावाचा आहे. मुलगी हुशार आहे, आणि तिला ते जरा जास्तच ठाऊक आहे. रात्री पडल्या पडल्या झोप लागते. तेव्हा हे रडगाणं नव्हे. सुखातल्या बाईला कसलं आलंय रडगाणं? पण खाई त्याला खवखवे म्हणतात ना — ती खवखव अधूनमधून होते, आणि होते ती नेमकी कुणी माझं कौतुक केलं की.

विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. सोनं गाळतात परमुलखात आणि घर बांधतात गावाकडं. असेच एक हणमंतराव तमिळनाडूत असायचे. विट्यात त्यांचं घर बांधायचं होतं, ते सगळं फोनवर. मी पीडीएफ पाठवायची, ते दुकानात बसून बघायचे आणि गल्ल्यावरनंच भिंती हलवायचे. गावात असायची त्यांची बायको, शालनवहिनी. मुलं शिकायला बाहेर, नवरा दिवाळीला यायचा. ही बाई वर्षानुवर्षं जुन्या घराच्या मागच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात शेजाऱ्याची भिंत बघत भाकरी थापत आलेली.

तिला एकच गोष्ट हवी होती. नव्या घरात ओट्यासमोर रस्त्याकडं उघडणारी खिडकी. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर तिनं पेन्सिलनं स्वयंपाकघर काढलं, त्यात ती खिडकी काढली, गजसुद्धा काढले. मी त्या कागदाचा फोटो घेतला, तो प्लॅनच्या फाइलमध्ये आणला, मापाला ताणून बसवला आणि वरून रेघा ओढल्या. आम्ही असंच करतो. खालचा कागद आड येऊ नये म्हणून फोटोतला पांढरा रंग काढून टाकला. उरल्या नुसत्या पेन्सिलच्या काळ्या रेघा.

हणमंतरावांनी फोनवर खिडकी उडवली. येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या ताटात काय वाढलंय ते दिसतं म्हणे. मालक तो मालक. मी माझ्या रेघांतली खिडकी पुसली, भिंत सलग केली. वहिनींचा फोटो मात्र काढायचा राहिला. राहिला म्हणजे — दिसलाच नाही हो! आमच्या सॉफ्टवेअरचा पडदा काळा. काळ्यावर काळी पेन्सिल दिसणार कशी? पण पीडीएफचा कागद पांढरा असतो. त्यावर सलग भिंतीच्या बरोब्बर मधोमध ती खिडकी उठून आली, गजांसकट. पीडीएफ एकदा उघडून बघायची असते. मला जेवायची घाई होती. तशीच विट्याच्या झेरॉक्सवाल्याला पाठवली आणि मिस्त्रींना कळवलं, प्रिंट घेऊन काम सुरू करा.

इथवर नुसती चूक आहे. चूक काय, कुणाचीही होते. मी सांगायला बसलेय ते हे नव्हे.

मिस्त्री होते तातोबाकाका. त्या भागात त्यांच्या हाताला मान होता. प्लॅन हातात घेतला की उभ्या उभ्या वाचायचे आणि घर कसं होणार ते मालकाला हातवारे करून दाखवायचे. त्यात त्यांना भारी मौज वाटायची. आता आमच्याकडच्या साइटवर एक रीत आहे — छापलेल्या रेघेपेक्षा हातानं ओढलेली रेघ मोठी. मालकाचं मन ऐनवेळी फिरतं, मी जाते, प्रिंटवर पेन्सिलनं खूण करते, आणि तीच शेवटची धरायची. काकांनी प्रिंटवर पेन्सिलची खिडकी बघितली. त्यांनी काय समजायचं? ताईंनी छापायच्या आधीच हातानं बदल केला. त्यांनी भिंतीत खिडकीची जागा सोडली आणि गडी कामाला लागले.

हणमंतराव अचानक गावी आले, भिंत बघितली आणि मला फोन केला. खिडकी कुणी ठेवली? मी म्हटलं, माझ्या प्लॅनमध्ये नाही. ते खरंच वाटत होतं मला तेव्हा — फाइल समोर उघडी होती, भिंत सलग होती. मग पीडीएफ उघडली.

त्याच वेळी फोन करून सांगता आलं असतं ना? एक वाक्य तर होतं. पण हणमंतरावांच्या ओळखीत बरीच घरं व्हायची होती, आणि ‘बाईमाणसाला काम दिलं की असं होतं’ हे ऐकायची मला मनापासून भीती वाटत होती. मी फाइलमधून फोटो काढला, नवी पीडीएफ केली, सांगलीतच प्रिंट काढली आणि सकाळच्या एसटीनं विट्याला गेले.

साइटवर मी सगळ्यांच्या आधी पोचले. सिमेंटच्या खोलीत खिळ्याला जुनी प्रिंट अडकवलेली होती. मी ती काढून पिशवीत घातली आणि नवी लावली. नवी फार कोरी दिसत होती — म्हणून तिच्यावर मूठभर सिमेंट चोळलं. तेही केलं मी.

हणमंतराव आले, वहिनी आल्या, काका आले. काका हसतच होते. खात्री होती ना त्यांना.

“आवं ताई, तुमीच हातानं काढल्याली खिडकी. थांबा, दावतो मालकास्नी.”

ते प्रिंट घेऊन आले. उन्हात धरली. बोट त्या भिंतीवर ठेवलं आणि तिथंच थांबले. मग कागद उलटा करून मागची बाजू बघितली. पुन्हा सुलटा केला.

“हितंच हुती की वं,” असं काहीतरी पुटपुटले. हणमंतराव म्हणाले, मिस्त्री, वय झालं तुमचं. आणि मी — मी गप्प बसले असते तरी एक वेळ भागलं असतं. मी बोलले. अगदी मायेनं बोलले.

“होतं काका असं. डोळे तपासून घ्या एकदा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आभार मानल्यासारखं बघितलं, मी सांभाळून घेतलं म्हणून. “व्हय ताई, माजीच चूक,” म्हणाले.

खिडकी मात्र राहिली. शालनवहिनी पुढं आल्या, नवऱ्याला म्हणाल्या, “झालीया न्हवं? आता मोडायची न्हाई.” त्या इतक्या ठाम बोलताना हणमंतरावांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते निमूटपणे चहा सांगायला गेले. आज त्या खिडकीत वहिनी भाजी निवडत बसतात, अर्धी गल्ली तिथं थांबून बोलते, आणि हणमंतराव गावी आले की तेही तिथंच खुर्ची टाकतात. मी गेले की मला आत बोलावून खिडकी दाखवतात, जशी काही मी ती कधी बघितलीच नाही. ते घर मला फार आवडतं. खोटं कशाला बोलू?

काकांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी किरकोळ नंबर सांगितला, या वयात सगळ्यांना असतो तेवढाच, बाकी नजर ठणठणीत. पण काकांचा विश्वास डॉक्टरांवर बसला नाही. माझ्यावर बसला होता. तेव्हापासून त्यांनी प्लॅन वाचणं सोडलं. जाड काड्यांचा चष्मा लावतात, प्रिंट हातात घेतात आणि पुढं करतात — वाचा ताई. म्हणून त्यांच्या प्रत्येक कामावर मी लागते. मालक विचारतात, प्लॅन कुणाकडनं काढू, तर काका माझंच नाव सांगतात. माझं ऑफिस उभं राहिलं त्यात काकांचा केवढा वाटा आहे, हे मलाच माहीत. आमचं छान जमतं. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला ते खपली गहू घेऊन येतात, तिला चिडवतात, जेवून जातात. मालकापुढं उभं राहून हातवारे करत घर दाखवणं तेवढं त्यांनी पुन्हा कधी केलं नाही.

परवा खानापूरच्या एका साइटवर नवीन मालकाला ते माझ्यासमोरच सांगत होते. “ताईंची नजर लय पक्की. माजी त्या विट्याच्या खिडकीपासनं गेली.” मालक कौतुकानं माझ्याकडं बघून हसले. मी पण हसले, प्रिंट उघडली आणि काकांना खोल्या वाचून दाखवायला लागले. ते मान डोलावत ऐकत होते.

त्या दिवशी तातोबाकाकांना अगदी बरोबर दिसलं होतं.