ज्योत मोठी का होईना

आमच्या धंद्यात मेकॅनिकला सगळ्यात शेवटी बोलावतात. आधी शेजारी येऊन सल्ला देतो. मग साडूचा कोणी येऊन पान्यानं ठोकतो. मग एखादा मोबाईलवर व्हिडिओ पाहून दोन वायरी उलट्या जोडतो. सगळ्यांचे हात फिरून झाले की मला फोन येतो, आणि फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काही नाही भाऊ, लहानसं काम आहे." लहानसं असतं तर तू मला बोलावलं असतं का रे बाबा?

मी गॅसवर चालणारे हीटर दुरुस्त करतो. नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटाकडच्या रिसॉर्टांचे गरम पाण्याचे बॉयलर, गोंदियातल्या बेकऱ्यांच्या भट्ट्या, आणि अलीकडे कोंबड्यांच्या शेडमधले हीटर. आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. जानेवारीत सकाळी गाडीचं हँडल धरवत नाही. अशा थंडीत अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू काय जगणार? त्याला माय नसते, हीटर असतो.

त्या दिवशीचा फोन मात्र वेगळा होता. सडक अर्जुनीच्या अलीकडे एका धानाच्या व्यापाऱ्यानं कोंबड्यांचं शेड टाकलं होतं. स्वतः गोंदियात राहायचा, शेडवर राखणदार नवरा-बायको ठेवले होते. तो म्हणाला, "हीटर पाहायचा आहेच, पण त्याआधी चोर पकडायचा आहे. तुम्ही फक्त सांगा की गॅस कमी पडतो. बाकी मी पाहतो." मी म्हणालो, मी पाना घेऊन येतो, बेड्या नाही. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करून राहिलो.

महामार्ग सोडून आत वळलो तर दोन्हीकडे धान कापून रिकाम्या पडलेल्या बांध्या, आणि मधोमध ते लांबलचक पत्र्याचं शेड. दारासमोर उन्हात मालक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. राखणदार आतून मेलेली पिल्लं घमेल्यात भरून आणत होता, आणि मालकानं त्याला हुकूमच दिला होता की प्रत्येक घमेलं आपल्यासमोर थांबवायचं. माणूस थांबायचा, घमेलं वाकवून दाखवायचा, मग पलीकडच्या खड्ड्यात ओतायचा.

"नीट धर," मालक म्हणाला. "तुझीच लेकरं आहेत."

त्या दोघांना मूल नव्हतं आणि मालकाला ते पक्कं माहीत होतं. बाजूला बिडी ओढत बसलेले दोन हमाल फिदीफिदी हसले. राखणदारानं घमेलं तसंच वाकवून धरलं. त्याची बायको दाराशी उभी होती. एका घमेल्यात तिला दोन-तीन पिल्लांच्या माना हलताना दिसल्या, तशी ती पुढे झाली आणि त्यांना उचलून पदरात घेतलं. मालक म्हणाला, ठेव ते खाली, अर्धमेला माल मला नको. तिनं ठेवली. मग तीही खड्ड्यात गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण परक्याच्या दारात आल्या आल्या काय भांडायचं, म्हणून मी पिशवी उघडली.

शेडला लागूनच त्यांची एक खोली होती. खोलीच्या उंबऱ्यावर चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं पडलेलं दिसलं. सकाळीच मालकानं सांगून ठेवलं होतं म्हणे, की मेकॅनिक येईल, चोरी सिद्ध झाली की दोघांनीही दुपारच्या आत चालतं व्हायचं. ना शेत, ना घर. ती खोली गेली की सगळंच गेलं. म्हणून बाईनं आधीच बांधाबांध करून ठेवली होती.

मालकाचा आरोप असा. ओळीनं पिल्लांच्या चार बॅचेस झाल्या, दर बॅचला मर वाढतच चालली. हीटरची ज्योत मोठी होत नाही. का होत नाही? तर राखणदार टाकीतला अर्धा गॅस धाब्यावर विकतो. पुरावा काय, तर तो धाब्यावर जाताना दिसला. मी विचारलं, धाब्यावर माणूस चहा प्यायला जात नाही काय? मालक हिंदीवर घसरला, "अरे भाऊ, आप मशीन देखो ना." बरं, म्हटलं, मशीन पाहतो.

आत गेलो. पिल्लं एका कोपऱ्यात ढिगानं साचली होती, एकमेकांच्या अंगावर चढून. गारठलं की ती असंच करतात. वरची ऊब मिळवतात आणि खालची गुदमरतात. थंडीनं मरतात त्यापेक्षा जास्त अशी चेंगरून मरतात. भिंतीवरच्या कंट्रोलच्या डब्यावर तापमानाचा आकडा चोवीस, आणि पाहिजे होते तेहतीस. हीटरच्या काचेतून पाहिलं तर ज्योत बोटभर, निळी, गप्प. पंखा तर जोरात चालू. म्हणजे थंडगार हवा ढकलून राहिला पिल्लांवर.

आता हा हीटर काही चालू-बंदवाला नव्हता. तो ज्योत कमी-जास्त करणारा होता. हवा किती गरम आहे हे टांगलेला सेन्सर डब्याला सांगतो, डबा व्हॉल्व्हला सांगतो, आणि व्हॉल्व्ह त्या प्रमाणात गॅस सोडतो. थंड झालं की जास्त, गरम झालं की कमी. बिघाड कुठेही असू शकतो, आणि लोकांना वाटतं तो नेहमी डब्यात असतो, कारण डब्यावर आकडे असतात. इथंही कोणीतरी सेन्सर बदलून झाला होता, डबाही बदलून झाला होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मी सेन्सर हातात धरला. अंगाच्या उबेनं आकडा चढला, म्हणजे तो ठीक. मग व्हॉल्व्हची वायर काढली. या जातीच्या व्हॉल्व्हची वायर काढली की तो मोकळा होतो आणि ज्योत पूर्ण मोठी झालीच पाहिजे. झाली नाही. म्हणजे डबाही निर्दोष. राहिला गॅस आणि राहिला व्हॉल्व्ह.

मालक मागं येऊन उभा होता. म्हणाला, "बोलो, गॅस कम है ना?" मी पाण्याची नळी लावली. वाकवलेल्या नळीत पाणी भरतात, गॅसचा दाब जितका असेल तितकं पाणी वर चढतं. व्हॉल्व्हच्या आत येणारा दाब पुरेपूर होता. बाहेर पडणारा जेमतेम. टाकी उचलून पाहिली तर जड. मी विचारलं, टाकी किती दिवस पुरते? राखणदार हळूच म्हणाला, पहिल्यापेक्षा जास्त पुरून राहिली जी. आता गॅस चोरला असता तर टाकी लवकर संपली असती, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मालकाला कळलं नव्हतं, कारण त्यानं टाकीकडे कधी पाहिलंच नव्हतं, माणसाकडेच पाहिलं होतं.

मग मी टॉर्च व्हॉल्व्हवर मारला आणि डोक्याला हात लावला.

व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक बारीक छिद्र असतं. आत रबरी पडदा असतो, तो वर उचलला गेला की जास्त गॅस सुटतो, आणि वर उचलायचा तर त्याच्या वरची हवा बाहेर जायला वाट पाहिजे. ती वाट म्हणजे ते छिद्र. व्हॉल्व्हचं नाकच म्हणा. इथं त्या नाकावर कुंकवाचा लाल, चिकट, जाड थर बसला होता. थरावर थर. हळद, कुंकू, नारळाचं पाणी, त्यावर शेडची धूळ आणि पिसांचा कोंडा. आजूबाजूला वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या.

मी विचारलं, "हे कोण लावते?"

"मी लावतो जी," ती बाई दारातूनच म्हणाली. आमच्याकडच्या बायाही असंच बोलतात. आवाजात संकोच नव्हता, उलट कोणीतरी पाहिलं याचं समाधान होतं. "रोज सकाळी. एक दिवस चुकली नाही. पिल्लं मरून राहिले तं दोन खेप लावाले लागली."

सुरुवात तिनं केली नव्हती. पहिली बॅच आली तेव्हा मालकानंच हीटरच्या लोखंडी स्टँडवर नारळ फोडला, पाणी व्हॉल्व्हवर शिंपडलं, चांगलं चार बोटं कुंकू फासलं आणि तिला सांगितलं की हाच आपल्या शेडचा देव, याची पूजा चुकवायची नाही. आपल्याकडे मशीनची पूजा कोण करत नाही? मीसुद्धा दसऱ्याला पान्यांना हळद-कुंकू लावतो. पान्याला नाक नसतं, एवढाच फरक. तिनं हुकूम पाळला. दर बॅचला थर वाढला, पडदा अडत गेला, ज्योत लहान होत गेली, पिल्लं मरत गेली. आणि जितकी मेली तितकं तिनं जास्त कुंकू लावलं.

छिद्रात टाचणी खुपसायची नसते, पडदा फाटतो. मी कडेकडेनं पापुद्रा उचलला. फुस्स करून हवा सुटली आणि ज्योत वर आली, भरभरून, काचेला लागेपर्यंत. पंख्यातून गरम हवा यायला लागली. थोड्या वेळानं ढीग हलला, वरची पिल्लं एकेक करून सुटी झाली, पाण्याकडे पळायला लागली. खालची तशीच चपटी पडून राहिली.

मी मालकाला सगळं समजावून सांगितलं. चोरी झालेली नाही, नळीतलं पाणी खोटं बोलत नाही, हे मोठ्यानं सांगितलं, बाहेरच्या हमालांनाही ऐकू जाईल असं. राखणदाराची मान पहिल्यांदा वर झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, चला, त्या गाठोड्याची गाठ सुटली.

मालकाचं तोंड पडलं. चोर हातचा गेला याचं त्याला पिल्लांपेक्षा जास्त दुःख झालेलं दिसलं. मग तो बाईकडे वळला.

"म्हणजे हिनं मारली सगळी."

मी म्हणालो, पूजा तुम्हीच सुरू केली ना? तो म्हणाला, "मी पूजा कर म्हटलं होतं. देवाचं नाक बंद कर म्हटलं होतं काय?" हमाल पुन्हा हसले. माझा आवाज चढला. मी म्हटलं, तिला काय ठाऊक नाक कुठं असते, तुम्हाला तरी आजपर्यंत ठाऊक होतं काय? चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन राहिले तुम्ही. त्यावर तो शांतपणे म्हणाला, तुमचं काम झालं आहे, आता तुम्ही निघायला हरकत नाही.

मग त्यानं निकाल दिला. राखणदार चोर नाही, तर तो राहू दे, धंद्याच्या दिवसांत माणूस मिळत नाही. बाई मात्र नको. तिच्या हाताला यश नाही, कूसही तशीच आणि हातही तसाच. हे त्यानं तिच्या तोंडावर सांगितलं. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. सगळेच त्याच्याकडे पाहत राहिले. एक शब्द बोलायचा होता त्याला. जातो तर दोघं जातो, एवढंच.

तो उंबऱ्यापाशी गेला, उकिडवा बसला आणि गाठोडं सोडलं. त्यातून आपले दोन शर्ट काढले, लुंगी काढली, घोंगडी काढली. टॉवेल कोणाचा याचा क्षणभर विचार केला आणि तोही काढला. उरलेलं पुन्हा बांधलं. गाठ चांगली ओढून पाहिली.

"तू जाय आता," तो म्हणाला. "मी येतो मंग न्यायले."

मंग म्हणजे केव्हा, हे तिनं विचारलं नाही.

तिचं माहेर चोरखमाऱ्याकडे. आईबाप नाहीत, भाऊ आहे, आणि भावजयीनं मागे एकदा तिला चार दिवसांत परत पाठवलेलं. हे तिनं मला गाडीवर सांगितलं. मी महामार्गाकडेच निघालो होतो, म्हटलं बस, फाट्यावर सोडतो. गाठोडं मांडीवर धरून ती मागे बसली. रस्ताभर मला त्या माणसाचा इतका राग येत होता की दोन खड्डे दिसलेच नाहीत. मालकाचा नाही. मालक आपल्या जातीवर गेला. राग आला तो टॉवेलचा विचार करणाऱ्याचा.

फाट्यावर उतरवलं. रायपूरकडचे ट्रक धूळ उडवत जात होते, बसचा पत्ता नव्हता. ती गाठोड्यावर बसली. कपाळावरचं कुंकू धुळीनं फिकं पडलं होतं. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हणालो, बाई, झालं ते वाईट झालं, पण तुमच्यावरचा चोरीचा डाग तरी गेला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती.

"तो डाग राहू द्याचा होता जी," ती म्हणाली. "चोर म्हणून हाकललं असतं, तं दोघंही संगंच गेलो असतो."