चिंचेनं घासलेलं नाव

पाण्याचा पितळी गुंड चिंचेनं घासायला घेतला की त्या आंबूस वासानं मी आजही भंडाऱ्याच्या शहीद स्मारकापाशी जाऊन पोचते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांची वहिनी, मला घेऊन सिहोऱ्याहून एस.टी.नं आली होती. स्मारकाच्या पितळी पाटीवर लढाईत गेलेल्या जवानांची नावं होती, त्यांत तिच्या मुलाचं, वामनचंही होतं. तिला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून नाव दाखवलं. तिनं पिशवीतून भिजवलेली चिंच काढली आणि ते काळवंडलेलं नाव घासू लागली.

रखवालदार ओरडला, "मावशी, कायले घासून राहिली? सरकारी पाटी हाय!"

"पोराचं तोंड धुवून राहिली, बाबू," मोठी आई मान वर न करता म्हणाली.

तो स्वतःच लोटाभर पाणी घेऊन आला. वामनदादाचं नाव उन्हात सोन्यासारखं चमकलं.

मग दर दिवाळीआधी घरची भांडी घासून झाली की आम्ही तिथं जायचो. जागा पाठ झाली तरी बोट ती मलाच ठेवायला लावायची. नाव उजळतंय एवढंच आम्हाला दिसायचं. ते झिजतंय हे दोघींनाही कळलं नाही.

परवा गेले होते. बाकीची नावं नीट वाचता येतात. वामनदादाच्या जागी नुसतं गुळगुळीत पितळ उरलंय. सवयीनं मी तिथं बोट ठेवलं. बघायला मोठी आई नव्हती.