अंड्याच्या आकाराची तबकडी

मी कोळ्याचा मुलगा आणि मला बोट लागते. अर्नाळ्यात हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, सांगायची गरजही पडली नाही. वडिलांनी मला तीन वेळा समुद्रावर नेलं, तिन्ही वेळा मी परत येईपर्यंत बोटीच्या कडेला ओणवा होतो. चौथ्यांदा त्यांनी मला शाळेतच राहू दिलं. असा मी शिकलो, एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो, आगाशीला घर बांधलं. पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडली आणि मागच्या पडवीत प्लाझ्मा कटिंगचं टेबल बसवलं.

हे टेबल म्हणजे पलंगाएवढी लोखंडी चौकट. दोन्ही कडांना रूळ, रुळांवर पुढेमागे धावणारा एक आडवा पूल आणि पुलावर डावीउजवीकडे सरकणारी ज्योत. कॉम्प्युटरवर आपण चित्र काढायचं, ज्योत तसाच्या तसा पत्रा कापते. पूल रुळांवर धावतो तो आठ छोट्या बेअरिंगवर. तेव्हा ती माझ्या खिजगणतीतही नव्हती.

ताईकडे, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीकडे, रविवारी अर्नाळ्याला जेवायला गेलो होतो. भावोजींची बोट शेजारीच किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. जाळं ओढायचं जे विंच असतं, त्याच्या ड्रमच्या दोन बाजूंच्या गोल तबकड्या खाऱ्या पाण्याने खाऊन टाकल्या होत्या. भावोजी म्हणाले, "उद्या वसईला लेथवाल्याकडे टाकतो."

तोंडात सुरमईचा तुकडा असताना माणसाने गप्प राहावं. मी म्हणालो, "बाहेर कशाला? घरात मशीन आहे. दोन तबकड्या म्हणजे दहा मिनिटांचं काम."

"पुनवेचं उधान चुकता कामा नाय," भावोजी म्हणाले.

"आठ दिवस आहेत," मी म्हणालो.

उधाण चुकणं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. समुद्रात एका जागी बांधलेलं त्यांचं डोलीचं जाळं भरतं ते उधाणाच्या ओढीवर. मधल्या दिवसांत पाणी मंद असतं आणि जाळंही रिकामं. पुनवेचं उधाण गेलं की अमावास्येपर्यंत घरात बसायचं.

सोमवारी पहिली तबकडी कापली. दिसायला सुरेख. भावोजी संध्याकाळी विंचचा शाफ्ट घेऊन आले, ती त्यावर चढवून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. मधलं भोक लांबट होतं. तबकडीही लांबट होती. मोजली तर एका बाजूने बोटभर जास्त. दुसरी कापली, तीही तशीच. मी कॉम्प्युटरवर वर्तुळ पुन्हा काढलं, जणू पहिल्या वेळी मी अंडं काढलं होतं.

बुधवारपर्यंत पाच झाल्या. बायको मराठी शाळेत शिकवते. तिने एक उचलून पाण्याच्या पिंपावर ठेवली. दोन बाजूंना फट राहिली. "डासांची सोय झाली," ती म्हणाली. मग तिनेच पूल हाताने हलवून पाहिला. "अहो, हा दात हलावा तसा हलतोय. आणि याला वास कसला येतोय?"

वास खोबरेल तेलाचा होता.

आता सांगायलाच हवं. आमच्या घरात करकरणाऱ्या प्रत्येक वस्तूला खोबरेल लागायचं. दाराच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, आईचे गुडघे. मी दर शनिवारी मारुतीला तेल घालायला जायचो, आणि परत आल्यावर वाटीत उरेल ते श्रद्धेने रुळांवर आणि बेअरिंगवर. वर मशीनला उदबत्तीही दाखवायचो. थंडीच्या सकाळी ते तेल थिजायचं. लोखंड कापताना उडणारी काळी भुकटी त्यात बसायची. वर्षभरात त्याचं घोटीव मलम झालं होतं, आणि ते मलम माझी बेअरिंग आतून खात होतं.

गुरुवारी वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल एरियात एका बेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझं बेअरिंग कानाशी धरून फिरवलं, मग नाकाशी धरलं. "काका, ह्यात काय घातलं?"

"तेल," मी म्हणालो.

"कसलं?"

मी पाकीट काढून नव्या बेअरिंगचा भाव विचारला. त्याने गल्ल्यावरच्या आपल्या भावाला बोलावून वास घ्यायला लावला. मग समजावलं, "हे बंद बेअरिंग आहे. ह्याचं वंगण आतच असतं. वरून काही घालायचं नाही, रूळ फक्त कोरड्या फडक्याने पुसायचे."

नवी आठ घेऊन आलो. शुक्रवारी बायकोने रजा काढून पूल उचलून धरला आणि मी खालून जुनी बेअरिंग काढली. निदान काढायला बसलो. सहा निघाली. सातव्याचा बोल्ट गंजून जाम झालेला. मी पान्याला लोंबकळलो. "लवकर करा, माझे हात भरून आले," ती म्हणाली. "अजून किती?" दर दोन मिनिटांनी. शेवटी तिने पुलाखाली पाटा आणि त्यावर मराठी शब्दकोश असा आधार रचला आणि स्वतःच पाना घेऊन बोल्ट काढला. मला म्हणाली, "उलट्या बाजूला फिरवत होतात."

नवी बसली. बोल्ट आवळला की बेअरिंग रुळाला घट्ट भिडतं, सैल केला की सुटतं. पुन्हा हलायला नको म्हणून मी आठही जीव खाऊन आवळली. शनिवारी सकाळी मशीन लावलं. पूल थोडा सरकला, थांबला, कण्हला, धक्का मारून पुढे गेला. तबकडीला या वेळी कोपरे आले. वर्तुळाला कोपरे, हे मला कारखान्यात तीस वर्षांत जमलं नव्हतं. बोल्ट सैल करून सातवी कापली, तर पुन्हा अंडं.

उधाण रविवारी सुरू होणार होतं.

दुपारी ताई आली. पडवीत पायरीवर बसली. भिंतीला टेकवलेल्या सात तबकड्या तिने नीट पाहिल्या, लहानपणी मी उलटी केलेली जागा पाहायची तशा. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाला, होतंय का?"

माझ्याकडे कारणं बरीच होती. बेअरिंग, बोल्ट, रूळ, तेल. ती सगळी तोंडापर्यंत आली. मी म्हणालो, "नाही होत, ताई."

"मंग पत्रा दे. लेथवाल्याकडं जाऊ."

"तू बस. मी नेतो."

उरलेला पत्रा स्कूटरवर पायांत धरून मी वसईला गेलो. लेथवाला म्हातारा होता. त्याने खडूने दोन वर्तुळं आखली, गॅसने कापली, लेथवर चढवून गोल केली, मधली भोकं शाफ्टच्या मापाची काढली. मी स्टुलावर बसून पाहत होतो. चहा त्याने पाजला. "आगाशीला कुणीतरी घरी मोठं मशीन आणलंय म्हणे," तो म्हणाला.

"हो, ऐकलंय," मी म्हणालो.

तबकड्या बसवून विंच चालू होईपर्यंत रविवारची पहिली भरती निघून गेली, आणि पाठोपाठ दुसरीही. सोमवारी पहाटे बोट पाण्यात लोटली तेव्हा मीही खांदा लावायला गेलो. भावोजी फक्त "मेवने, पाय संभाळा" म्हणाले. ताई माझ्या बाजूला उभी होती. बोट लांब गेल्यावर म्हणाली, "तू पान्यातला बी नाय आनि लोखंडातला बी नाय."

मी मान हलवली.

बोट परतल्यावर आमच्याकडे मासळीचे वाटे पडतात. बोटीचा एक, जाळ्याचा एक, मग माणसांचे. मंगळवारी ताईने शेजारणीबरोबर डबा पाठवला. आत पाच बोंबील. शेजारीण म्हणाली, "ताईंनी सांगितलंय, हा भावाच्या मशीनचा वाटा."

ही थट्टा होती की बोलणी, की दोन्ही, ते मी बायकोला विचारलं. "तुमची बहीण, तुम्हाला ठाऊक," ती म्हणाली आणि बोंबील साफ करून पडवीत ताटलीत ठेवून मसाला वाटायला आत गेली. मांजराच्या भीतीने मी वर झाकायला काही शोधत होतो. हाताशी आली ती तिसऱ्या नंबरची तबकडी.

ती झाकून मीही आत गेलो, पण ताटली गोल होती. मांजराला एक बाजू पुरली. आम्ही परत आलो तेव्हा वाट्यातले दोनच बोंबील उरले होते, आणि बायकोने ते दोन्ही माझ्या ताटात वाढले.